वहिनीला उत्तर द्यायचं नाही

निलेश घाडीगावकरच्या घरात एसी एकच होता, आणि तो माणसांसाठी नव्हता.

बोरीवली पूर्वेला त्यांच्या जुन्या सोसायटीची नवी इमारत झाली, तेव्हा बिल्डरने हॉल, किचन आणि बेडरूम यांच्यातून उरलेल्या जागेत सात बाय आठची एक खोली काढून दिली. नकाशावर तिचं नाव स्टडी. निलेश तिला म्युझियम म्हणायचा. आत दोन जुने डबडे टीव्ही, व्हिडिओ गेमची सहा यंत्रं, वायरींचं जंजाळ, आणि श्रुतिकाच्या रुखवतातला लाडवांचा डबा, ज्यात आता मेमरी कार्डं होती. दमट हवेने यंत्रं बिघडतात म्हणून एसी तिथे बसवलेला. नवरा-बायको पंख्याखाली घामाने भिजत झोपायची आणि भिंतीपलीकडे यंत्रं गारव्यात लोळायची. श्रुतिका हे अकरा वर्षं बघत होती. सवय लागली की माणूस काय काय चालवून घेतो, त्याला सुमार नाही.

पण आता तिला ती खोली हवी होती. तिची आई रुक्मिणी मनोरीला एका बंगल्याच्या आवारातल्या खोलीत राहायची. वडील धाकू गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर ते त्या बंगल्याचे रखवालदार झाले, आणि आईने शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना कोंबडी-वडे रांधून घालत संसार ओढला. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आता मालकाला तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करून हवी होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याने तर फक्त उजेड-अंधार कळायचा. गावच्या घराचं छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वीच बसलेलं. म्हणजे तिला जायला जागा एकच होती, आणि तिथे यंत्रं हवा खात होती.

"आईला इकडे आणू या का रे?" श्रुतिकाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा निलेश जेवत होता. तो जेवत राहिला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो मोबाइल बघत होता. तो बघत राहिला. तिसऱ्यांदा त्याने मान थोडी हलवली, पण ती हो म्हणून, नाही म्हणून की माशी बसली म्हणून, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

ही त्याची जुनी पद्धत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. प्रश्न आला की गप्प बसायचं. समोरचा आपोआप थकतो, स्वतःच काहीतरी ठरवतो, आणि पुढे वाईट झालं तर 'मी कुठे म्हटलं होतं?' म्हणायला आपण मोकळे. शेजारीपाजारी म्हणायचे, श्रुतिका, नशीबवान गं तू, नवरा किती शांत! श्रुतिका एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसाला पन्नास माणसांचं रक्त काढायची. शांत माणूस आणि सुई बघून तोंड फिरवून बसलेला माणूस यांतला फरक तिला कळत होता. पण शेजारणींना काय सांगायचं?

निलेशच्या तोंडाला कुलूप असलं तरी एका विषयावर ते धबधब्यासारखं उघडायचं. तो विषय म्हणजे 'फुलवाली'.

फुलवाली हा जपानी व्हिडिओ गेम. खरं नाव काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं; सीडीवर हातात फुलं घेतलेली एक मुलगी होती, म्हणून फुलवाली. एकोणीसशे नव्व्याण्णव साली बोरीवली स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानामागे पडदा लावून कोणीतरी गेम पार्लर थाटलं होतं. तिथे सोळा वर्षांचा निलेश आणि त्याचा जिगरी दोस्त विकी यांनी क्लास बुडवून अख्खं वर्ष या गेमवर घालवलं. गेममध्ये एक कप्तान आणि त्याच्या हाताखाली सहा तरण्या पोरी. अर्धा वेळ राक्षसांशी लढाई, अर्धा वेळ पोरींशी गुलूगुलू. पोरगी काहीतरी बोलते, खाली तीन उत्तरं येतात आणि कोपऱ्यात एक मेणबत्ती वितळायला लागते. मेणबत्ती विझायच्या आत एक उत्तर दाबायचं. बरोबर दाबलं की पोरीचं काळीज गुलाबी होतं, आणि काळीज गुलाबी झालेली पोरगी दुसऱ्या दिवशी दुप्पट राक्षस मारते. म्हणजे बाईशी दोन शब्द गोड बोला आणि दगड फोडायला पाठवा. जगात हे काही नवीन नाही, पण जपान्यांनी त्याला मेणबत्ती लावली.

आता गंमत अशी, की गेम होता जपानी भाषेत आणि या दोघांना इंग्रजीच जेमतेम यायचं. तरी पठ्ठ्यांनी हार मानली नाही. एकेक उत्तर दाबून, पोरगी लाजते की फुरंगटते ते बघून, निलेशने दोनशे पानी वही भरली. एकेका पोरीला एकेक पान. 'लाल रिबीन: १-३-३-२.' 'रडूबाई: २-२-१-२.' गोष्ट कळत नव्हती, तर गोष्ट यांनी स्वतःच रचली. त्यात एक चष्मेवाली होती. सुरुवातीलाच ती एका जवानाच्या फोटोसमोर मान खाली घालून उभी दिसायची. दोघांनी फोटो बघितला, बाईची मान बघितली आणि निकाल दिला, की हा कप्तानाचा वारलेला मोठा भाऊ, आणि ही वहिनी.

झालं. वहिनीशी गुलूगुलू करायचं कसं? घाडीगावकरांच्या घरात वहिनीसमोर दीर बनियनवर बसत नसे. तेव्हा वहिनीने काही विचारलं, मेणबत्ती लागली, की दोघं हात मांडीवर ठेवून, नजर जमिनीकडे लावून गप्प बसायचे. मेणबत्ती विझायची. वहिनी काहीतरी पुटपुटून निघून जायची. आणि दुसऱ्या दिवशी लढाईत अशी तुटून पडायची की बाकीच्या पाच एकीकडे आणि ती एकीकडे. दोघांना वाटलं, हा सभ्यतेचा प्रसाद. वहीच्या त्या पानावर निलेशने ठळक लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या: 'वहिनीला उत्तर द्यायचं नाही.' आणि अगदी शेवटी: 'राक्षसांचा राजा मरतो. वहिनी गावी जाते.' कारण शेवटच्या फोटोत सगळ्या असायच्या, ती नसायची.

ही वही निलेशने सव्वीस वर्षं जपली. लग्नाची अंगठी बेसिनमध्ये गेली, वही गेली नाही.

मे महिन्यात अंधेरीच्या एका कॅफेतून बोलावणं आलं. देवेश नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा तो कॅफे चालवायचा. भिंतीवर जुनी यंत्रं, टेबलावर कोल्ड कॉफी. फुलवाली म्हणे आता नव्याने निघाली होती, तीच चित्रं, तोच खेळ, फक्त इंग्रजी अक्षरांत. त्या निमित्ताने रविवारी दुपारी कार्यक्रम: जुना जाणकार पडद्यावर शेवटचा भाग खेळून दाखवणार. जाणकार म्हणजे निलेश. त्याने शर्ट इस्त्री करायला स्वतः टाकला, हे बघून श्रुतिकाला गहिवरूनच यायचं बाकी राहिलं. स्वतःच्या लग्नात त्याने बनियन शोधायला आईला हाका मारल्या होत्या.

"मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "पण येताना आईचं काय ते सांगायचं. दहा दिवस राहिलेत."

निलेश शर्टाची कॉलर बघत होता. तो बघत राहिला.

कॅफेत तीस-पस्तीस पोरंपोरी होती. विकी मुलुंडहून खास आला होता. पोट सुटलं होतं, पण डोळ्यांत तीच जुनी हाव. देवेशने माइक दिला आणि घरात चार शब्द महाग असलेला निलेश अर्धा तास बोलला. आजकालच्या पोरांना सगळं आयतं लागतं. इंटरनेटवर बघून खेळतात. आम्ही अक्षर न कळता गेम मारला. अक्षर कळून खेळण्यात काय अक्कल आहे? पोरं हसली, टाळ्या वाजल्या. श्रुतिका मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मनात आलं, या माणसाला बोलता येतं. अकरा वर्षं मी समजत होते की येत नाही.

"आता गुरुमंत्र," निलेश म्हणाला आणि त्याने वही उंच धरली. "सहा जणींत सगळ्यात पॉवरबाज कोण? वहिनी. आणि तिची पॉवर वाढवायची कशी? उत्तर द्यायचं नाही. काय वाट्टेल ते विचारू दे. गप्प बसायचं. मेणबत्ती विझू द्यायची. मग बघा!"

"झकास!" मागून विकी ओरडला.

पडद्यावर चष्मेवाली आली. हातात तोच जवानाचा फोटो. खाली इंग्रजी अक्षरं उमटली आणि निलेश सोडून सगळ्यांनी वाचली. निलेश वही बघत होता.

'कप्तान, तुम्ही त्याच्याजवळ होतात,' ती म्हणत होती. 'माझा भाऊ जाताना काही बोलला का?'

खाली तीन उत्तरं होती. त्याने तुझं नाव घेतलं. तो घाबरला नव्हता. मला माफ कर. कोपऱ्यात मेणबत्ती वितळायला लागली. निलेशने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पोरांकडे बघून डोळा मारला.

कॅफेत हशा पिकला. पुढच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "काका, ती वहिनी नाहीये! त्याची बहीण आहे ती, तो मेला त्याची!"

"बहीण काय, वहिनी काय," निलेश म्हणाला. "पॉवर बघ ना, यार."

मेणबत्ती विझली. 'समजलं,' चष्मेवाली म्हणाली आणि गेली. तिच्या नावापुढचा आकडा टणकन वाढला. विकीने शिट्टी मारली.

ती पुन्हा आली. पुन्हा विचारलं. पुन्हा मेणबत्ती. आता हसणारे निम्मे झाले होते. चौथ्यांदा ती आली तेव्हा तिच्या हातात फोटो नव्हता. 'उद्या लढाई संपेल,' अक्षरं म्हणत होती. 'मग सगळ्या आपापल्या घरी जातील. मला घर नाही. मी इथे राहिले तर चालेल का?'

श्रुतिका खुर्चीत सरळ झाली. तीन उत्तरं होती आणि तिन्ही हो म्हणणारी होती. इतकं सोपं होतं. कुठलंही बटण दाबलं असतं तरी चाललं असतं, डोळे मिटून दाबलं असतं तरी. दाब रे, ती मनात म्हणाली. माझ्यासाठी नको, त्या चित्रासाठी तरी दाब. मग तिला स्वतःचाच संताप आला, की आपण या डबड्यासमोर बसून कोणाकडून काय मागतोय!

निलेशचे हात मांडीवरच होते. मेणबत्ती विझली.

'बरं,' ती म्हणाली. 'मग परत यायचं काही कारण नाही.' आणि आकडा दुप्पट झाला.

शेवटच्या लढाईत तिने राक्षसांच्या राजाला एकटीने संपवलं. निलेश उठून उभा राहिला, हात वर केले. शेवटचा फोटो आला, पाच जणी हसत होत्या, आणि खाली दोन ओळी: सहावीने ढाल टाकून दिली होती. तिचं शव सापडलं नाही.

क्षणभर कोणी टाळी वाजवली नाही. मग देवेशने वाजवली, कारण कार्यक्रम त्याचा होता, आणि मग बाकीच्यांनीही वाजवली.

"आयला," विकी हळूच म्हणाला. "आपण समजायचो गावी गेली."

"जिंकलो ना पण?" निलेश म्हणाला. श्रुतिका त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हा स्वभाव आहे, बिचाऱ्याला जमत नाही. तो स्वभाव नव्हता. ती युक्ती होती, वहीत लिहून ठेवलेली, खाली दोन रेघा ओढलेली. आणि युक्ती लागू पडत होती. उत्तर न मिळालेली बाई दुप्पट राबत होतीच की! लॅब, स्वयंपाक, सासूचं आजारपण, गॅसचा नंबर, सोसायटीची मीटिंग, सगळं तिने एकटीने लढून मारलं होतं.

परतताना मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. आरे स्टेशनला दार बंद झालं आणि श्रुतिकाने चौथ्यांदा विचारलं, "आईला आपल्याकडे आणायचं. छोटी खोली तिला द्यायची. तुझं काय म्हणणं आहे?" आवाज चढवला नाही. शब्द मात्र एकेक वेगळा सांगितला.

निलेश कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्या कमेंट वाचत होता. दिंडोशी गेलं. कुरार गेलं. एकदा त्याने तोंड उघडलं, तिचे डोळे लकाकले, पण ती जांभई होती. आकुर्ली गेलं, पोयसर गेलं. मागाठाण्याला दार उघडलं तेव्हा श्रुतिका म्हणाली, "बरं."

निलेशचे खांदे सैल झाले. टळलं, असं त्याला वाटलं.

बुधवारी श्रुतिकाने लॅबमधून रजा घेतली. सकाळी मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने मनोरीला गेली. आईचं सामान एक पत्र्याची ट्रंक, दोन पिशव्या आणि देवांची परडी. आई दारातच अडून उभी राहिली.

"जावयबापूंका इचारलंस मां?"

"इचारलंय. चार वेळा."

"काय म्हणले?"

"नाय म्हणाक नाय," श्रुतिका म्हणाली, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुपारी देवेश टेम्पो घेऊन आला. तिने त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं, की काकांची यंत्रं तुझ्या कॅफेत मांड, वर पाटी लाव, 'घाडीगावकर संग्रह'; हवं तेव्हा येऊन खेळतील. तो हरखून गेला. एकेक वायर त्याने कापडात गुंडाळून नेली. लाडवांचा डबा श्रुतिकाने रिकामा करून, घासून फळीवर ठेवला. वही ठेवून घेतली.

संध्याकाळी सातला निलेश कामावरून आला. चपला काढून सवयीने म्युझियमचं दार ढकललं आणि तिथेच थिजला. खोलीत कॉट, कोपऱ्यात देव, आणि कॉटवर सासूबाई गोधडी पांघरून बसलेल्या. एसी चालू होता.

"फ्रीजात ठेवलंस गो माका," त्या आतूनच लेकीला म्हणत होत्या.

निलेश तडक किचनमध्ये आला. "हे काय आहे? मला न विचारता?"

"चार वेळा विचारलं."

"मी हो कधी म्हटलं?"

"नाही तरी कधी म्हटलंस?" श्रुतिकाने वही ओट्यावर ठेवली, पान उघडून. "तुझ्या खेळात मेणबत्ती विझली की बाई मरायला जाते. माझ्या घरात मेणबत्ती विझली की बाई राहायला येते. आरे ते मागाठाणे, सहा स्टेशनं दिली होती तुला. त्या जपान्यांनी दहा सेकंद दिले होते."

तेवढ्यात आतून हाक आली.

"जावयबापू! इलास काय?"

तो दारापर्यंत गेला. रुक्मिणीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. नजर त्याच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे गेली. "तुमची खोली घेतलंय मी. तुमका चलात मां? उगाच लेकीच्या भिडेन गप रवा नको. नाय तर मी गावाक जातंय. आमचा घर असा थय."

तिथे घर नव्हतं, एक जोतं आणि चार वासे होते. हे निलेशला ठाऊक होतं, श्रुतिकाला ठाऊक होतं, आणि बहुधा म्हातारीलाही ठाऊक होतं.

एरवी अशा वेळी श्रुतिकाच पुढे व्हायची. काय आई, काहीतरीच, त्याला काय वाटायचंय, असं म्हणून त्याची पोकळी भरून काढायची. आज ती भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. एसी घरघरत होता. म्हातारीचे हात गोधडीची कड चाचपत राहिले, आणि मग ती हळूहळू पाय कॉटखाली सोडून चपला शोधायला लागली.

"आई," निलेश म्हणाला. आवाज चिरका निघाला, त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "गावी नाही जायचं तुम्ही." पुढचं त्याला आठवत नसल्यासारखा तो थांबला, मग म्हणाला, "इथे राहा."

श्रुतिकाने काही कौतुक केलं नाही. अकरा वर्षांत एक उत्तर आलं, त्याची काय आरती ओवाळायची!

"एसी बारीक कर," ती म्हणाली. "आणि जेवायला काय करू, ते विचार आईला. थांबून ऐक."